मागच्या रांगेपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पदवीदान समारंभात तू काढलेला समूहाचा फोटो मोठा करून, एकेक चेहरा करत पाहिला. तू विचारलं आहेस की पुढच्या वेळी कोणती लेन्स घेऊ. आणि खाली, जाता जाता विचारल्यासारखं, "त्या मुलीचा चेहरा ओळखपत्रावरून उचलून बसवला तर चालेल का?" लेन्सचं उत्तर चार ओळींत संपेल. एवढं लांबलचक लिहायला बसले आहे ती या दुसऱ्या प्रश्नामुळे.

ती मुलगी चौथ्या रांगेत, उजव्या कडेला आहे. पुढच्या मुलाच्या टोपीचा चौकोनी कोपरा नेमका तिच्या नाकावर आला आहे. दिसतं ते एवढंच: एक कान, कानातला बारीक खडा आणि कपाळाचा तुकडा. ती हसत होती की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही. पहिल्या रांगेत मात्र गाऊनची प्रत्येक घडी सरळ आहे, हात मांडीवर आहेत, बूट एका रेषेत आहेत. म्हणजे तुला नीट बघता येतं. फक्त तू पुढे बघत होतास.

समूहाचा फोटो मागच्या रांगेच्या कडेपासून रचायचा असतो. हे मी प्रत्येकाला सांगत आले आणि तुलाही या पत्रात चार वेळा सांगणार आहे, कारण एकदा सांगून ते डोक्यात राहत नाही. समारंभाच्या ठिकाणी सगळं जग तुला पुढच्या रांगेकडे ओढत असतं. प्रमुख पाहुणे तिथे, प्राचार्य तिथे, पैसे देणारे तिथे. मागच्या कोपऱ्यातल्या मुलाच्या बाजूने बोलणारा त्या अर्ध्या तासात एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे तू.

तुझी तांत्रिक अडचणसुद्धा इथूनच सुरू झाली आहे. 50 एमएमची लेन्स, f/1.8 म्हणजे लेन्सचं छिद्र खूप उघडं, पहिली रांग साधारण आठ मीटरवर, आणि फोकस मधल्या पाहुण्यांच्या चष्म्यावर. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 एमएम फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर या हिशोबात फोकसच्या मागे जेमतेम दीड-पावणेदोन मीटरपर्यंत चित्र स्पष्ट राहतं. रांगांमध्ये ऐंशी सेंटीमीटरचं अंतर धरलं तर चौथी रांग पहिलीच्या 2.4 मीटर मागे. ती धूसर होणारच होती. तिथे लेन्सचा काय दोष? तीच लेन्स f/8 वर ठेव, म्हणजे छिद्र लहान कर, फोकस दुसऱ्या रांगेवर घे, आणि पहिलीपासून चौथीपर्यंत सगळे आत येतात, वर जागा उरते. स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो, म्हणून दुसरी रांग. उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढव. थोडे दाणे आलेला चेहरा ओळखता येतो, धूसर चेहरा नाही. मग एक चाचणी फोटो काढ, स्क्रीनवर पूर्ण मोठा कर आणि आधी चौथ्या रांगेची दोन्ही टोकं बघ. मधले पाहुणे बघू नकोस, ते ठीकच असतात.

जागा कमी पडते म्हणून 24 एमएमच्या वाइड लेन्सवर, म्हणजे जवळूनही रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर, उतरायचा मोह होईल. उतरू नकोस. वाइड लेन्समध्ये कडेचे चेहरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. मधला माणूस आहे तसा दिसतो आणि कोपऱ्यातल्या मुलीचा गाल रुंद होतो. पुन्हा तेच, भुर्दंड कोपऱ्याला. मागे सरकायला जागा नसेल तर दुसरी जागा शोध, आणि ती समारंभाच्या आदल्या दिवशी शोध, त्या दिवशी गर्दीत नाही. फ्लॅशचंही तसंच. तो पहिल्या रांगेपासून तीन मीटरवर आणि शेवटची रांग सहा मीटरवर असेल, तर मागे पोचणारा उजेड पुढच्याच्या एक चतुर्थांश असतो. फ्लॅश मागे ने, उंच कर, जोर वाढव, म्हणजे दोन रांगांच्या उजेडातला फरक कमी होतो. उंचीमुळे चष्म्यांवरची चमकही खाली घसरते.

आता टोप्या. चौकोनी टोपी कपाळावर सपाट बसली पाहिजे. मागे कलली तर तिची कड वर उठते आणि मागच्याचा चेहरा खाते, फार पुढे ओढली तर खालचे डोळे काळोखात जातात. भर दुपारच्या उन्हात तर प्रत्येक टोपीखाली काळी पट्टीच दिसते, म्हणून इमारतीची मोकळी सावली बघ. टोपीवाल्या समूहाला कॅमेरा उंचावर हवाच, आणि मुलांना हनुवटी किंचित वर करायला सांगायला हवी, नाहीतर उंचावरून नुसत्या टोप्याच येतील. प्रत्येक जण पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत उभा हवा. हे तू खालून ठरवू शकत नाहीस, त्यांनाच ठरवू दे. सांगायचं, "एक डोळा मिटा, लेन्स दिसते का? आता दुसरा मिटा. दोन्ही वेळा दिसली तरच तुम्ही फोटोत आहात." पण हे शेवटच्या रांगेकडे बघून सांग. पहिल्या रांगेकडे बघून सांगितलंस तर मागच्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही.

बाकावर चढवतानाही मागची रांग आधी. गाऊन घालून, उंच टाचांच्या चपलांत मुलं बाकावर चढतात आणि मागे आधाराला भिंत नसते. बाक स्वतः उभा राहून हलवून बघ. चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी असेल तर त्याला रांगेच्या टोकाला सुटा ठेवू नकोस. बसलेल्यांच्या रांगेत, मधेच, दोन मित्रांच्या खांद्याला खांदा लागेल असा घे. रांगेला हलकी कमान दे म्हणजे कडेचे चेहरे कॅमेऱ्याकडे वळतील. हलकीच पण. जास्त वळवलंस तर टोकं इतकी पुढे येतात की फोकसच्या हिशोबात तुला पुन्हा तीच अडचण.

मिटलेल्या डोळ्यांचं गणित झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात पिअर्स बार्न्स आणि निक स्वेनसन या दोघांनी ते मांडलं, आणि 2006 साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं पारितोषिक. त्यांचा ठोकताळा असा की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भाग, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. फोटोच्या वेळी माणूस मिनिटाला दहादा पापणी मिटतो आणि दर वेळी पाव सेकंद, असं धरलं तर चाळीस जणांत सगळे डोळे उघडे असलेला फोटो साधारण पाचातला एकच. तू तीन काढलेस. तीन! माणसं एकत्र आलेलीच होती, दाबायचं ते फक्त बटण होतं.

एवढा जीव का टाकायचा, असं तुला वाटत असेल. 1918 साली अमेरिकेतल्या कॅम्प डॉज या छावणीत आर्थर मोल आणि जॉन थॉमस यांनी अठरा हजार सैनिक उभे करून स्वातंत्र्यदेवतेची आकृती केली आणि उंच मनोऱ्यावरून तिचा फोटो काढला. लांबचा भाग बारीक दिसू नये म्हणून हजारो माणसं एकट्या मशालीत भरली होती. कौशल्य थक्क करणारं आहे, मी ते नाकारत नाही. पण त्या मशालीतल्या एकाही पोराला त्याच्या आईने त्यात शोधून काढलं नसेल. तो आकृतीचा फोटो आहे, माणसांचा नव्हे. तुझा फोटो मला तसाच वाटला: एक छान आयत, निळ्या गाऊनचा.

आणि दुसरा फोटो 1927 चा, ब्रुसेल्सला भरलेल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदेचा, बेंजामिन कूप्री यांनी काढलेला. एकोणतीस माणसं, तीन रांगा. पुढे खुर्च्यांवर प्लँक, मेरी क्युरी, लोरेंट्झ, आईनस्टाईन. शेवटच्या रांगेत उभे आहेत पंचवीस वर्षांचा हायझेनबर्ग आणि सत्तावीस वर्षांचा पाउली. दोघांचीही नोबेल पारितोषिकं तेव्हा अजून यायची होती. आज तो फोटो उघडला तर मागच्या रांगेतले चेहरेही ओळखू येतात. कूप्रींनी पुढच्या मान्यवरांवर भागवलं असतं तर? हे दोघे मोठे झाले म्हणून नव्हे हं. तुझ्या चौथ्या रांगेतलं कुणी मोठं होवो न होवो, त्या दिवसाचा तिचा हक्क पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांइतकाच आहे. पाहुण्यांचे असे फोटो दर वर्षी निघतात, तिचा हा एकच.

याची किंमत मी मोजली आहे. एका संस्थेत मुलांचा निरोप समारंभ होता. मागच्या कडेला एक बुटका मुलगा पूर्ण झाकला गेला होता. व्यवस्था बघणारे गृहस्थ "काढा लवकर" म्हणून हात हलवत होते. मी थांबले, खाली उतरले, मागे गेले, त्या मुलाला दोन जागा आत घेतलं. तेवढ्यात पाहुणे कंटाळून उठले, त्यांना परत बसवावं लागलं. फोटो चांगला आला. पण त्या संस्थेने मला पुन्हा बोलावलं नाही. तिथली लहान मुलं मी बालवर्गापासून टिपत आले होते, त्यांच्या शेवटच्या वर्षाचा फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला. त्याची हळहळ अजून जात नाही. ती मुलं मला नावानिशी माहीत होती रे. पण उद्या तसंच झालं तर मी पुन्हा उतरेन. तू म्हणशील, ताईला परवडतं, तिचा जम बसला होता. नव्हता बसला. त्या वर्षी मला ते काम हवं होतं, तुला आज हवं आहे तितकंच. म्हणूनच सांगते, हा हट्ट जम बसल्यावर करायचा नसतो. तोपर्यंत मागच्या रांगेकडे न बघायची सवय लागते आणि मग ती सुटत नाही. माझ्याबरोबरची चांगल्या हाताची माणसं मी अशी बघितली आहेत, आज त्यांना कोपरा दिसतच नाही.

तर, ओळखपत्रावरचा चेहरा. नाही, बसवायचा नाही. शेजारच्याच फोटोतून कुणाचे उघडे डोळे घेतलेस तर माझी हरकत नाही. तोच माणूस, तीच जागा, तेच काही सेकंद. पण ओळखपत्रातली ती मुलगी त्या संध्याकाळी तिथे उभी नव्हती. वेगळा उजेड, वेगळं वय, न हसणारा चेहरा. तिला बघताक्षणी कळेल, आणि तिच्या आईला त्याहून आधी. आपण हजर होतो आणि तरी आपल्याला नंतर चिकटवलं, हे तिला भिंतीवर रोज दिसेल. झाकली गेली ते एक वेळ ती विसरेल.

त्यापेक्षा हे कर. बाकीचे दोन्ही फोटो आणि मुलं जागेवर येत असतानाचे सगळे फोटो मोठे करून बघ. एखाद्यात पुढचा मुलगा जरा हलला असेल तर ती सापडेल. सापडली तर तो भाग तिच्याच जागी बसव. नाही सापडली तर संस्थेला नव्हे, तिला पत्र लिही. काय झालं ते स्पष्ट सांग, आणि ती तयार असेल तर गाऊन-टोपीत तिचा स्वतंत्र फोटो काढून दे, पैसे न घेता. आणि यापुढे नावांची यादी फोटो काढण्याआधी करून घे, डावीकडून उजवीकडे. मागच्या रांगेपासून. तुझ्या यादीत तिचं नाव चुकीचं लिहिलं आहे, ते बघितलंस का?

लेन्स नवीन घेऊ नकोस. आहे ती पुरे. त्या पैशांत मजबूत शिडी घे, किंवा तोपर्यंत माझी घेऊन जा. वरच्या पायरीवर उभं राहिल्यावर तुझा कॅमेरा चौथ्या रांगेच्या डोळ्यांपेक्षा वर येतो का ते आधी मोजून बघ. पुढचं काम कधी आहे ते कळव, मोकळी असेन तर शिडी धरायला येईन.

तुझी,
ताई