सायलेन्सरचा गंज आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

प्रश्न : आमची २०१८ सालची पेट्रोल गाडी मुख्यतः घर ते शाळा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली जाते. पावसाळा संपल्यापासून ती सुरू केली की खालून फटफट आवाज येतो, आणि पीयूसी चाचणीतही ती नापास झाली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तेथे साधा पाइप बसवावा, असे गॅरेजवाले सुचवतात. काय करावे?
— एक वाचक, मांद्रे

उत्तर : कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणारा भाग, कृपया काढू देऊ नका. तो निकामी झाला आहे हे अजून ठरलेलेच नाही, कारण पाइपाला किंवा सांध्याला पडलेल्या एका छिद्रामुळेही आवाज वाढतो आणि चाचणी फसते. आपल्या गाडीच्या वर्गासाठी इंजिन मंद चालत असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत असावा लागतो, तर इंजिनाचा वेग वाढवून घेतलेल्या चाचणीत लॅम्डा (हवा व पेट्रोल यांचे प्रमाण दाखवणारा आकडा) ०.९७ ते १.०३ या मर्यादेत असावा लागतो. छिद्रातून बाहेरची हवा आत ओढली गेली की लॅम्डा वाढतो. तेव्हा चाचणीचा छापील कागद नीट वाचावा. केवळ लॅम्डाच जास्त असेल, तर पहिला संशय गळतीवर घ्यावा.

मांद्र्यासारख्या किनाऱ्यालगतच्या गावात खारी हवा सायलेन्सरला बाहेरून खाते. मात्र आपल्या गाडीचे अधिक नुकसान आतून झाले असावे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. फेरी लहान असली की सायलेन्सर पुरेसा तापत नाही, ती वाफ आतच थंड होऊन साचते आणि पत्रा गंजवते. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे हे पाणी निघून जाईल. पावसाळ्यानंतर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन लाल चिखलही काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी रॅम्पवर किंवा भक्कम स्टँडवर घेऊनच करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. सांध्यांभोवती काजळीचे काळे डाग असतील तर गळती तेथेच आहे. सायलेन्सर टांगणारे रबर चिरले आहेत का, इंजिनामागचा लवचिक जाळीदार पाइप फाटला आहे का, हेही पाहावे. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखड झाली, तर त्यातील चिनी मातीची जाळी फुटलेली असते आणि तो बदलावाच लागतो. छिद्र बुजवण्यासाठी वेल्डिंग करायचे असल्यास आधी बॅटरीच्या तारा सोडवायला सांगावे, अन्यथा गाडीचा संगणक जळण्याची भीती असते. गळती बंद होईपर्यंत मुलांना घेऊन काचा बंद करून फिरू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.

कन्व्हर्टरमधील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि त्याच्या साहाय्याने विषारी वायूंचे कार्बन डायऑक्साइड, पाणी व नायट्रोजन होतात. ही यंत्रणा काढून टाकणे बेकायदा आहे, आणि प्रदूषणाच्या नियमभंगासाठी पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कन्व्हर्टर खरोखर बिघडला असेल, तरी त्याचे कारण आधी शोधणे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. खराब स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइलमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळते. तो दोष तसाच राहिला तर नवा, महागडा कन्व्हर्टरही टिकणार नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला की गाडी ताबडतोब थांबवावी.

प्रश्न : सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकते. इंजिन बिघडले आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही, थंड गाडीत हे स्वाभाविक आहे. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरू लागली, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सांधा बंद ठेवणारी पट्टी, तपासून घ्यावे.