ज्या देशात कधी पाऊल ठेवले नाही, तिथल्या खेळाचे वेड आयुष्यभर टिकू शकते का?

आपण विचारले आहे, की ज्या देशाशी काडीचाही संबंध नाही, तिथल्या एखाद्या खेळाची आणि संस्कृतीची ओढ वर्षानुवर्षे टिकलेली कोणी अनुभवली आहे का, आणि ती कशामुळे टिकते. मला रशियन जिम्नॅस्टिक्सची ओढ 1988 पासून आहे. कारण सांगायचा प्रयत्न करते, मात्र ते निव्वळ कौतुकाचे नाही.

सोल ऑलिंपिकच्या वेळी मी दहा वर्षांची होते. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर चटईवर बसून मी सोव्हिएत संघाच्या येलेना शुशुनोवाचा शेवटचा व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन साधनावर हात टेकून मारायची उडी, पाहिला. रुमानियाच्या दानिएला सिलिवाशला मागे टाकायला तिला पूर्ण 10 गुणच हवे होते. ते तिने मिळवले आणि 0.025 गुणांच्या फरकाने सुवर्णपदक जिंकले. गुणांचे हे गणित मला पुष्कळ नंतर समजले. त्या संध्याकाळी लक्षात राहिले ते एवढेच, की इतक्या वेगाने हवेत फिरून आलेली मुलगी जमिनीवर उतरली, ताठ उभी राहिली आणि जणू विशेष काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने तिने पंचांना अभिवादन केले.

हा चेहरा हेच माझ्या वेडाचे मूळ आहे, आणि त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण सोव्हिएत जिम्नॅस्ट लुदमिला तुरिश्चेवाचे आहे. 1975 साली लंडनच्या वेम्बली येथे विश्वचषक स्पर्धा चालू होती. महिलांचे उंच-सखल बार त्या काळी पोलादी तारांनी जमिनीतील आकड्यांना ताणून बांधलेले असत. तुरिश्चेवाची कसरत रंगात आली असतानाच त्यांतील एक आकडा निसटू लागला. तिने कसरत आवरती घेऊन उतरण्याची उडी मारली, आणि तिची पावले गादीवर टेकतात न टेकतात तोच तिच्या पाठीमागे अख्खा सांगाडा कोसळला. तिने पंचांकडे पाहून हात वर केले, वळली आणि चालू लागली. मागे वळून पाहिले नाही. हे चित्रीकरण मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही, आणि दर वेळी माझी नजर बारकडे न जाता तिच्या मानेकडे जाते, कारण ती मान तसूभरही वळत नाही.

येथे ‘रशियन’ हा शब्द मी सैलपणे वापरते आहे, हे कबूल करायला हवे. तुरिश्चेवा चेचन्यातील ग्रोझनीची. नऊ सुवर्णांसह 18 ऑलिंपिक पदके मिळवणारी लारिसा लातिनिना युक्रेनमधील खेरसोनची, तर 1972 मध्ये म्युनिक ऑलिंपिक गाजवणारी ओल्गा कोर्बुट बेलारूसमधील ग्रोद्नोची. नेली किमचा जन्म ताजिकिस्तानातला आणि बालपण कझाकस्तानात गेलेले. सोव्हिएत संघाच्या महिलांनी 1952 पासून 1980 पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकचे सांघिक सुवर्ण जिंकले, ते या सगळ्या प्रदेशांच्या बळावर. मॉस्को हे त्या व्यवस्थेचे केंद्र होते, सगळी गुणवत्ता मात्र तिथली नव्हती.

या व्यवस्थेला खरा रशियन रंग चढला तो बॅलेमुळे. संघाबरोबर नृत्यदिग्दर्शक असत, मुलींचा दिवस बॅलेच्या दांड्याला धरून सुरू होई, आणि फ्लोअरवरील कसरतीला अनेक वर्षे प्रत्यक्ष पियानोची साथ असे. त्यामुळे दोन कोलांट्यांच्या मधली जागा रिकामी राहत नसे. केवळ 10 सेंटिमीटर रुंदीच्या बीमवरही हात कुठून उचलायचा आणि बोटे कुठे संपवायची हे ठरलेले असे. माझ्या मते आजच्या गुणपद्धतीने अवघडपणाला दिलेल्या भरमसाट महत्त्वामुळे ही मधली जागा आक्रसली आहे, आणि त्यावर माझे इतर चाहत्यांशी नेहमी वाद होतात.

खेळाच्या वाटेने मी भाषेत शिरले. स्पर्धकांच्या यादीतील नावे वाचता यावीत एवढ्यासाठी सिरिलिक लिपी शिकले, आणि पहिला सुखद धक्का नावांनीच दिला. लारिसा सेम्योनोव्हना लातिनिना म्हणजे सेम्योनची मुलगी लारिसा. आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव, अगदी आपल्याकडच्या दाखल्यावर असते तसे. फरक इतकाच, की रशियन स्त्रीचे मधले नाव लग्नानंतरही वडिलांचेच राहते. परीक्षेला किंवा स्पर्धेला निघालेल्याला तिथे ‘ना पीस, ना पर’ अशी उलटी शुभेच्छा देतात आणि त्याने ‘जा सैतानाकडे’ असे उत्तर द्यायचे असते. दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालावर काजळाची तीट लावणाऱ्या घरात वाढलेल्या मला ते वेगळे समजावून घ्यावे लागले नाही.

आता त्या चेहऱ्याची दुसरी बाजू. येलेना मुखिना 1978 ची जगज्जेती. पुढच्या वर्षी तिचा पाय मोडला, तो धड बरा होण्याआधीच तिला सरावाला जुंपण्यात आले, आणि मूळ पुरुष खेळाडूची ‘थॉमस साल्टो’ ही उडी तिच्या फ्लोअरच्या कसरतीत घालण्यात आली. या उडीत उलट्या कोलांटीतच पीळ घेऊन पायांवर न उतरता पुढे लोळण घ्यायची असते, म्हणजे उंची जरा कमी पडली की मान सापडते. मॉस्को ऑलिंपिकला जेमतेम दोन आठवडे उरले असताना, 3 जुलै 1980 रोजी मिन्स्क येथील सरावात तिची मान मोडली. गळ्याखालचे शरीर निकामी झाले, आणि 2006 मध्ये निधन होईपर्यंत तिने तशाच अवस्थेत 26 वर्षे काढली. पुढे तिने सांगितले, की जमिनीवर पडल्या पडल्या तिच्या मनात आलेला विचार सुटकेचा होता: आता ऑलिंपिकला जावे लागणार नाही. हे वाचल्यानंतर मी कित्येक महिने एकही चित्रीकरण पाहू शकले नाही. तुरिश्चेवाची न वळणारी मान आणि मुखिनाला न उच्चारता आलेला नकार एकाच शिस्तीतून आलेले आहेत, असे मला तेव्हापासून वाटते, आणि त्यांतील एक ठेवून दुसरे वगळण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

धोक्याचे हे आकर्षण आपल्यापर्यंतही पोहोचले. 1999 मध्ये रशियाच्या येलेना प्रोदुनोवाने व्हॉल्टवरून समोरच्या दिशेने दोन कोलांट्या घेणारी उडी स्पर्धेत मारून दाखवली. समोरच्या कोलांटीत उतरताना जमीन फार उशिरा दिसते, म्हणून ती मारायला फारसे कोणी धजावत नाही. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने तीच उडी 2016 मध्ये रिओच्या अंतिम फेरीत मारली. ती खोल बैठकीत उतरली, 15.066 गुणांसह चौथी आली आणि कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले. त्या रात्री माझ्या घरातल्या, एरवी क्रिकेटखेरीज काही न पाहणाऱ्या मंडळींना मी प्रोदुनोवा कोण हे समजावून सांगत होते.

2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन खेळाडूंवर बंदी आली आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलात्मक जिम्नॅस्टिक्सला एकही रशियन मुलगी नव्हती. ती बंदी मला गैर वाटली नाही, आणि तरीही ती रिकामी जागा मला खुपत राहिली. 2025 मध्ये जकार्त्याच्या जागतिक स्पर्धेत अँजेलिना मेलनिकोवा ‘तटस्थ’ खेळाडू म्हणून उतरली आणि सर्वंकष, म्हणजे सगळ्या साधनांवरील गुण मिळून, विजेती ठरली. तिच्या नावापुढे ना देश होता, ना झेंडा. शेवटच्या कसरतीनंतर ती हसली आणि रडलीही, आणि 1988 च्या त्या चेहऱ्यावर पोसलेल्या मला ते पाहून बरे वाटले.