‘सांध्याची गोळी’ म्हणू नका, स्टेरॉईड म्हणा

ताई, तुम्ही लिहिलंय की वडिलांना अंगावरच्या फोडांसाठी चार वर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड 10 मिग्रॅ चालू आहे, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय, आणि काका म्हणतात, “स्टेरॉईडनं जखम भरत नाही, आत्ताच बंद करा.”

बंद करू नका. बाकीचं सवडीनं वाचा, पण आज रात्रीची किंवा उद्या सकाळची गोळी चुकवू नका. मी डॉक्टर नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. पण तुमच्या काकांचं वाक्य आमच्या घरात शब्दशः बोललं गेलंय, म्हणून लिहायला बसलो.

माझी आई बत्तीस वर्षं विड्या वळायची. सकाळी मिश्री, दुपारी तंबाखू. संधिवात आला, बोटं वाकडी झाली, आणि सहा वर्षं प्रेडनिसोलोन चालू राहिली. मग उजव्या गालात आतून जखम झाली, ती भरेना. तपासणीत गालाचा कॅन्सर निघाला. गाल, जबड्याचा तुकडा, मानेतल्या गाठी काढायच्या आणि छातीवरचा मांसाचा भाग फिरवून गालाला लावायचा, असं सात तासांचं ऑपरेशन ठरलं. जानेवारी होता, गड्ड्याची यात्रा चालू होती. आई म्हणाली, “नंदीध्वज बगून जाऊ.” आम्ही गेलो नाही. असो.

आता चूक सांगतो. माझीच आहे.

भरती करताना खिडकीपलीकडच्या मुलीनं फॉर्म भरला. बीपी आहे? आहे. शुगर? नाही. दमा? नाही. कशाची ॲलर्जी? नाही. “अजून काही गोळ्या?” मी म्हणालो, “सांध्याची एक गोळी आहे.” तिनं लिहिलं, ‘सांधेदुखी, गोळी चालू’. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फिटनेस तपासताना विचारलं, तेव्हाही मी तेच बोललो. त्यांना वाटलं, वेदनाशामक असेल. ते म्हणाले, “ती आठ दिवस आधी बंद करा, रक्तस्राव वाढतो.” मी आज्ञाधारकपणे बंद केली! स्ट्रिप माझ्या शर्टाच्या खिशात होती, ती बाहेर काढून दाखवायला दोन सेकंदं लागली असती.

त्या आठ दिवसांत आई गळून गेली, जेवण नको म्हणाली. आम्ही म्हटलं, कॅन्सरच्या धसक्यानं.

ऑपरेशन झालं. पहिला दिवस चांगला गेला, आणि त्यानंच सगळे फसले. उलटी आणि सूज कमी राहावी म्हणून भूलेतच डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं होतं. तेही स्टेरॉईडच. त्याच्या जोरावर चोवीस तास निघाले, हे मला फार नंतर कळलं. दुसऱ्या रात्री बीपी 80 वर आलं. नाकातल्या नळीतून दिलेलं पातळ जेवण उलटून पडायला लागलं. शुगर 58, सोडियम 124, दोन्ही फार कमी. सलाइनवर सलाइन, अँटिबायोटिक बदललं, बीपी चढवायचा पंप लावला. टाके आतून सुटले असतील, परत उघडून बघावं लागेल, अशी कुजबुज. जंतुसंसर्ग म्हणावा तर ताप नाही.

तिसऱ्या दिवशी राउंडला एक वयस्क फिजिशियन आले. त्यांनी आधी मॉनिटर पाहिला नाही, आईचे हात पाहिले. कागदासारखी पातळ कातडी, जागोजागी निळे डाग. मला विचारलं, “या स्टेरॉईड घेतात?” मी म्हणालो, “नाही.” पुन्हा तेच! नशीब, त्यांनी विचारलं, “मग कुठल्या गोळ्या घेतात, दाखव.” स्ट्रिप बघितल्यावर त्यांनी सिस्टरना हाक मारून हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉईडच, 100 मिग्रॅ शिरेतून द्यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पंप निम्म्यावर आला. दुसऱ्या दिवशी आईनं खुणेनं आरसा मागितला.

कारण तुम्हाला माहीत असेल, तरी एका ओळीत: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, बनवतात, ऑपरेशनच्या ताणात कितीतरी जास्त बनवतात, बाहेरून महिनोन्महिने आयतं मिळालं की त्या झोपतात आणि हाक मारल्यावर लगेच उठत नाहीत. पूर्ण जाग यायला कधी वर्षही लागतं. त्यामुळे ‘ऑपरेशनआधी आठवडाभर बंद’ म्हणजे जुनं स्टेरॉईड शरीरातून गेलेलं आणि स्वतःचं तयार नाही, अशी अवस्था.

नंतर वाचत बसलो तर कळलं, कॉर्टिझोन हे स्टेरॉईड संधिवातावर पहिल्यांदा 1948 मध्ये वापरलं, 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं, आणि 1952 मध्येच अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णाची हकिगत छापून आली, ज्याचं कॉर्टिझोन बंद करून खुब्याचं ऑपरेशन केलं आणि तो शॉकमध्ये दगावला. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीची ठाऊक असलेली गोष्ट. तरी भरतीच्या छापील फॉर्मवर ॲलर्जीला रकाना आहे, स्टेरॉईडला नाही. चूक माझी, हे मी मान्य केलंय. पण एक रकाना छापायला काय जातं हो?

आणि खरा संताप पुढेच. डिस्चार्ज कार्डावर या सगळ्याचं काय लिहिलं? ‘ऑपरेशननंतर रक्तदाब कमी, उपचार केले.’ बस्स. स्टेरॉईडचा उल्लेख नाही, आणि घरी घ्यायच्या गोळ्यांच्या यादीत प्रेडनिसोलोनही नाही! पुढे रेडिएशन दुसरीकडे घ्यायचं होतं, तिथले लोक हाच कागद वाचणार. मी रेकॉर्डच्या खिडकीवर गेलो. “एकदा निघालेलं कार्ड बदलत नाही.” परत गेलो. “डॉक्टरांची सही आणा.” डॉक्टर ओटीत. तिसऱ्यांदा गेलो तर जेवणाची सुट्टी. चौथ्यांदा मी त्या फिजिशियनसाहेबांना जिन्यात गाठलं. त्यांनी उभ्याउभ्या कार्डाच्या मागे लाल पेनानं चार ओळी लिहिल्या, सही-शिक्का दिला. तुम्ही एवढं थांबू नका. कार्ड हातात आलं की खिडकी सोडायच्या आधी वाचा.

आता तुमच्यासाठी. हे माझं मत आहे, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

ज्यांनी स्टेरॉईड सुरू केलं त्या त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी ऑपरेशनआधी घ्याच. गोळी कुठली, किती मिग्रॅ, कधीपासून, मध्ये डोस कधी वाढला होता. ‘आमच्याकडे कशाला आलात’ म्हणाले तरी घ्या. जखमेसाठी डोस थोडा उतरवता येईल का, हे त्यांनी आणि सर्जननी ठरवावं. काका, मेडिकलवाला किंवा मी नाही. चार वर्षांचं स्टेरॉईड तीन आठवड्यांत शून्यावर आणायचं नसतं, आणि कॅन्सरचं ऑपरेशन त्यासाठी महिनोन्महिने लांबवायचंही नसतं.

भूलेच्या डॉक्टरांसमोर ‘स्टेरॉईड’ हा शब्द पहिल्या वाक्यात येऊ द्या. ‘फोडांची गोळी’ म्हणू नका. मग विचारा, “ऑपरेशनच्या वेळी जास्तीचं स्टेरॉईड देणार ना? नंतर तोंडानं बंद असेल तेव्हा कशातून?” आतड्याच्या ऑपरेशननंतर काही दिवस तोंडानं काही नसू शकतं, तुमची खरी खिंड तीच. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची 2020 ची शिफारस मी वाचली: रोज 5 मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन, चार आठवडे किंवा जास्त घेणाऱ्याला मोठ्या ऑपरेशनला भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन 100 मिग्रॅ, आणि मग 24 तासांत 200 मिग्रॅ सलाइनमधून. तुमच्याकडे डोस वेगळा ठरू शकतो, आकड्यावरून भांडू नका. देणार आहेत की नाही, एवढं मात्र विचाराच.

नाव बदललं म्हणून फसू नका. प्रेडनिसोलोन 5, मिथाइलप्रेडनिसोलोन 4, डेफ्लाझाकॉर्ट 6, हायड्रोकॉर्टिसोन 20, हे सगळे मिग्रॅ साधारण सारख्याच ताकदीचे. आणि वडील कुठल्या ‘जडीबुटी’च्या पुड्या घेत असतील तर त्याही दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉईड कुटून घातलेलं सापडतं.

ऑपरेशननंतर ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, स्टेरॉईडमध्ये ताप झाकला जातो. जखम ओली वाटली, पोट फुगलं तर सांगा. शुगर वाढेल, रोज मोजायला लावा. पुढे केमो लागली तर त्यातही बहुधा डेक्सामेथासोन असतं. त्या दिवशी नेहमीची गोळी घ्यायची की नाही, हे आधीच विचारून ठेवा. आणि घरी आल्यावर उलट्या-जुलाबात गोळी पोटात टिकली नाही तर घरी वाट बघत बसू नका, इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर तासाभराचाही उशीर नको.

आईची तंबाखूची चंची अजून आहे. आत आता तंबाखू नाही, प्लॅस्टिकमध्ये घालून शिवलेली चिठ्ठी आहे: ‘मी रोज स्टेरॉईड घेते. बेशुद्ध असले तर हायड्रोकॉर्टिसोन द्या.’ खाली माझा नंबर. आई म्हणते, “ह्येच्यापरीस तंबाखू बरी हुती.”

तुमची भूलतपासणी बुधवारी आहे म्हणालात. मंगळवारी रात्री सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरून दाराला अडकवून ठेवा. वडिलांना सकाळची गोळी घ्यायला लावूनच निघा. त्या दिवशी रक्तासाठी उपाशी बोलावलं असेल तर गोळीचं काय, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. आमच्या आईनं त्या नादात दोन वेळा चुकवली होती.