नोकरी सोडून करोडपती होण्याची तयारी करावी का?

प्रश्न : माझ्या एकोणतीस वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांपूर्वी हिंजवडीतील नोकरी सोडली. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये जाण्यासाठी तो सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत रोज दहा तास वाचत बसतो. ‘कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेल्यांनाही लोक वेडेच म्हणत होते,’ असे तो मला ऐकवतो. त्याचे मन मोडायचे नाही. पण घर माझ्या निवृत्तिवेतनावर चालले आहे. त्याला काय सांगावे?
— एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, आपली काळजी रास्त आहे आणि मुलाचे स्वप्नही हीन नाही. २००० साली हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आमच्या नारायण पेठेतील वाड्यात रात्री नऊ वाजता सगळ्या बिऱ्हाडांतून एकच आवाज ऐकू येत असे, आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे यांनी एक कोटी रुपये जिंकले तेव्हा वाचनाच्या बळावर मराठी तरुणाच्या हाती पैसा आला, याचा आम्हांला घरच्या कार्यासारखा आनंद झाला होता. मात्र नवाथे त्या वेळी नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करीत होते. २०१९ मध्ये एक कोटी जिंकणाऱ्या अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवण्याचे काम करीत होत्या. दोघांपैकी कोणीही या खेळाला आपला व्यवसाय केलेला नव्हता.

मुलाने दिलेल्या दाखल्याचाच थोडा विचार करू. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल याला कॅलिफोर्नियात लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे तिकडे लोटली. नदीकाठचे सहज मिळणारे सोने लवकरच संपले; उरलेले काढायला यंत्रे आणि भांडवल लागू लागले, आणि एकट्याने आलेले कित्येकजण कंपन्यांच्या खाणींत रोजंदारीवर राबू लागले. ज्याला पहिला कण दिसला तो मार्शलही गरिबीतच वारला. सॅम्युअल ब्रॅनन मात्र फावडी आणि घमेली विकून श्रीमंत झाला.

लहानपणी मी आपल्याकडच्या सराफीत भल्या पहाटे झारेकरी बायका पाहिल्या आहेत. दुकानापुढची धूळ कुंच्याने लोटून त्या घमेल्यात भरत, पाणी घालून घमेले गोल फिरवत आणि तळाशी उरलेली काळी रेती बोटाने अलगद सारून बघत. सोने जड असल्यामुळे तळाशी बसते. कॅलिफोर्नियातही सुरुवातीला हेच करीत. पण झारेकरणीला ठाऊक असे की, या दुकानात काल सोने घासले गेले आहे.

आपल्या मुलाला तशी खात्री नाही, आणि हे त्याला स्पष्ट सांगायला हवे. नोंदणीच्या प्रश्नांची अचूक उत्तरे देणाऱ्या असंख्य लोकांतून पुढची निवड संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतो. म्हणजे पहिल्या दारापाशी दहा तासांचे वाचन आणि दोन तासांचे वाचन यांत फारसा फरक पडत नाही. वाचनाचा खरा उपयोग निवडलेल्यांच्या चाचणीपासून पुढे सुरू होतो. शिवाय बक्षिसावर सरसकट ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावर अधिभार व उपकर लागत असल्याने एक कोटीतले जेमतेम पासष्ट लाख हाती येतात.

आणखी एक. या कार्यक्रमाच्या नावाने ‘आपल्याला २५ लाखांची लॉटरी लागली आहे, आधी शुल्क भरा’ असे व्हॉट्सॲप संदेश फिरतात. ती शुद्ध फसवणूक असते. एक रुपयाही भरू नका; कोणी भरलाच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

मुलाला अभ्यास सोडायला सांगू नका. निवृत्तिवेतन किती येते आणि महिनाअखेर किती उरते, हा हिशेब मात्र त्याच्यासमोर उघडा मांडा. नोंदणी फोनवरून होते आणि अभ्यासिका रात्रीही उघड्या असतात, म्हणजे नोकरी सांभाळून तयारी करता येते. नोकरीसाठी पुन्हा अर्ज करायला कधी लागायचे, ती तारीख त्यालाच ठरवू द्या आणि घरखर्चाच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या.