डाय बदलली की आधी पट्टी वाच

भावा,

तुझा मेसेज वाचला. 63 टनी प्रेसवरची 1.2 एमएमच्या क्लिपची डाय उतरवली, 2 एमएम ब्रॅकेटची प्रोग्रेसिव्ह डाय (पट्टी दर स्ट्रोकला एकेक स्टेशन पुढं सरकत पीस पूर्ण होतो ती) चढवली आणि तेव्हापासनं एक पीस धड निघेना, कधी भोक सरकतंय, कधी बेंडला चीर जातेय, आणि तू रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली-वर, फीडर (कॉइलची पट्टी आत ढकलणारा) पुढं-मागं, मधेच स्ट्रिपरची (पंचावरनं पट्टी सोडवणाऱ्या प्लेटची) स्प्रिंग बदल असं सगळं एकदमच करत सुटलायस. आता मालक मागं उभा असला की हात थांबत नाहीत हे मला कळतंय, पण आधी पाना खाली ठेव. एका वेळी एकच गोष्ट फिरवायची, नाहीतर सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळणार नाही.

क्लिप काल नीट चालत होती ना? मग प्रेसवर लगेच संशय घेऊ नको. जे बदललं तेवढंच बघायचं, म्हणजे डाय, जाडी, पिच (एका स्ट्रोकला पट्टी जेवढी पुढं सरकते ते अंतर) आणि फीडर. रॅम वर घे, मोटर बंद कर, फ्लायव्हील पूर्ण थांबू दे (बटन दाबलं म्हणजे थांबलं असं नसतंय, ते बराच वेळ फिरत राहतं), रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लाव आणि मगच हात घाल. कॉइलकडनं पट्टी काप आणि सगळ्या स्टेशनसकट अख्खी बाहेर काढ. ती टेबलावर ठेवून पहिल्या स्टेशनपासनं वाचत जा. बेंड फाटलाय म्हणून डायरेक्ट बेंडच्या स्टेशनला जाऊ नको, कारण तिसऱ्या स्टेशनला दिसणारी चूक बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्यात झालेली असते.

आधी पायलटची (भोकात शिरून पट्टी नेमक्या जागेला आणणाऱ्या पिनची) भोकं बघ. गोल आहेत का ओढल्यासारखी लांबट झालीत? लांबट असतील तर कुठल्या काठाला मार लागलाय ते बोटानं चाचप. कॉइलकडचा काठ दबला असेल तर पट्टी जास्त पुढं गेलीय, पायलट तिला मागं ढकलतोय. बाहेरच्या बाजूचा काठ दबला असेल तर पट्टी कमी आलीय. एवढं कळलं की फीडर कुठल्या दिशेला फिरवायचा हे विचारायला लागत नाही. आणि पट्टी कधी जास्त कधी कमी येत असेल तर पिचचा आकडा बदलून काही होणार नाही, तिथं फीडरचा रोल घसरतोय नाहीतर त्याचा रिलीज (पट्टी सोडायची वेळ) चुकतोय. पायलट भोकात शिरायच्या वेळेला रोल सुटला पाहिजे. क्लिपच्या डायचा पायलट वेगळ्या लांबीचा होता, त्याच्यावर लावलेलं टायमिंग या डायला चालेलच असं नाही. शिवाय पट्टीची लेव्हल बघितलीस का? नव्या डायमध्ये पट्टी ज्या उंचीवरनं जाते त्याच उंचीला फीडर पाहिजे, नाहीतर मधे पोट पडतं आणि तेवढी पिच खाल्ली जाते. जाडी वाढली म्हणजे रोलचं प्रेशर आणि सुटल्यावरची गॅप पण परत लावायची.

आता बेंडचं. माझा खरा संशय इथं आहे. ही डाय मधे शार्पनिंगला गेली होती का ते टूलरूमला (डाय दुरुस्त करतात तिथं) विचार. समज, कटिंग पंच 0.3 घासले. पंच आखूड झाले, मग कट पूर्ण होईना म्हणून तू रॅम 0.3 खाली घेतलास. कट झाला, पण त्याच रॅमला बेंडचा पंच पण बांधलाय, आणि तो कुणी घासलेला नाही! तो 0.3 जास्त खाली येऊन शीट चेपतोय, म्हणून कोपऱ्यात चकाकी येते आणि पुढं चीर. अशा वेळी रॅमशी कितीही झोंबलास तरी एक धरलं की दुसरं सुटणार. कटिंग पंचांच्या मागं घासलं तेवढी शिम (पातळ पत्रा) घालायची, नाहीतर बेंडचा पंच तेवढाच कमी करून घ्यायचा. आणि हे काम टूलरूमचं, प्रेसवर उभं राहून ग्राइंडर मारायचा नाही. याच्यामुळंच गेल्या वेळच्या सेटिंग शीटवरचा शट हाईटचा (रॅम पूर्ण खाली आल्यावर खाली उरणाऱ्या उंचीचा) आकडा डोळे झाकून लावायचा नसतो. रॅम त्या आकड्याच्या थोडा वरच थांबवायचा, मग इंचिंगवर (प्रेस थोडी-थोडी फिरवत) हळूहळू खाली येत टिकली (भोकातनं कापून पडणारा तुकडा) पूर्ण सुटेल इतपतच पंच आत जाऊ द्यायचा.

बर (कापलेल्या काठाला उठलेली टोकदार कोर) बघताना पण एक आहे. भोकाला चारी बाजूनं सारखी बर असेल तर धार गेलीय नाहीतर क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) जास्त आहे. एकाच बाजूला असेल तर पंच आणि डाय एका रेषेत नाहीत, धार लावून काही उपयोग नाही. 2 एमएमच्या साध्या शीटला एका बाजूला 0.1 ते 0.2 क्लिअरन्स धरतात, त्याच्यापेक्षा फार वेगळं सापडलं तर ही डाय मुळात कुठल्या जाडीला केली होती तेच विचार.

टिकल्या वर येऊन पट्टीवर डाग पाडत असतील तर पंच ग्राइंडिंगवरनं डीमॅग न करता (चुंबकत्व न काढता) आलेत का बघ, ऑइल जास्त असलं तरी चिकटून वर येतात. याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. डाय चढवताना खाली पॅरलल (सारख्या उंचीचे ठोकळे) ठेवतो, त्यातला एखादा टिकली पडायच्या भोकाखाली आला की टिकल्या आत साठत जातात, वरनं पंच ठोकत राहतो, आणि शेवटी पंच मोडतो नाहीतर डायच फुटते. बॅटरी मारून खालनं उजेड दिसतोय का बघायला काय वेळ लागतो? आत्ताच बघ.

नवीन पट्टी सुरू करताना पहिलं टोक खुणेलाच लाव. अंदाजानं ढकललीस आणि पंचाखाली अर्धीच पट्टी आली की पंच बाजूला रेटला जातो, बारीक पंच असला की गेलाच. पहिली पट्टी पूर्ण इंचिंगवर, प्रत्येक स्ट्रोकला बघत, आणि शेवटच्या स्टेशनचा पीस क्यूसीनं (तपासणीवाल्यानं) मापून हो म्हटल्याशिवाय कंटिन्यूअसला टाकायची नाही. मालकाला सांग माझं नाव घेऊन, बोलला तर मला फोन लाव म्हणावं.

आपल्याकडं सगळं फौंड्रीचं गाव, प्रेसचं काम शिकवणारी माणसं कमी, त्यामुळं पोरं बघून-बघून शिकतात आणि बघण्यात रॅमच तेवढा दिसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने मेस्त्री डाय उतरवताना शेवटची चांगली पट्टी तारेनं डायलाच बांधून ठेवायचे, पावसाळ्यात गंजू नये म्हणून तेल चोपडून. तुझ्या या डायला तशी पट्टी बांधलेली आहे का? रॅकवर, पेटीत, कुठंही पडली असेल, शोध. सापडली तर आजच्या पट्टीशेजारी ठेव आणि पहिला फरक कुठल्या स्टेशनला दिसतो तेवढंच मला कळव. आणि फोटो काढशील तेव्हा कॉइलची बाजू कुठली ते खडूनं लिही, पाठवलेल्या फोटोत पट्टी सुलटी आहे का उलटी तेच समजेना.