मीटर बाबांच्या नावावर, सही तुमची, छत चौघांचं

प्रश्न : आर्वी तालुक्यात राहतो. घर आणि मीटर वडिलांच्या नावावर; ते चार वर्षांपूर्वी वारले. घरी आई, मी, बायको, मुलं. मोठे भाऊ पुण्याला, बहीण पुसदला दिली आहे. महिन्याला 90 युनिटच्या आसपास लागतात, उन्हाळ्यात कूलरमुळे 180 पर्यंत जातात. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो, त्यानं लाइटची कंपनी बदलली, तुम्हीही बदला. तेवढ्यात एका सोलर कंपनीचा माणूस आला. महावितरणचे दर वाढतच जाणार, आमची वीज 5 रुपये युनिटनं घ्या, मागची थकबाकीही मिटेल, असं म्हणाला. 500 च्या स्टॅम्पवर 25 वर्षांचा करार झाला, 11 हजार दिले. आता मुलानं वाचून दाखवलं, मध्येच सोडलं तर 1 लाख 20 हजार दंड लिहिला आहे. 7,400 रुपयांचं सरासरीनं आलेलं बिलही वादात आहे. कंपनी बदलावी की नाही?

उत्तर : भाऊ, बदलायला तुमच्याकडे दुसरी कंपनीच नाही. मुंबईच्या उपनगरात अदानी आणि टाटा या दोघांकडे एकाच भागाचा वितरण परवाना आहे, म्हणून मावसभावाला निवड करता आली. वीज कायदा 2003 एकाच भागात दुसऱ्याला परवाना द्यायची मुभा देतो, पण तुमच्या गावात परवाना एकट्या महावितरणकडे आहे. 2011 ते 2019 नागपूरच्या काही भागात खाजगी कंपनी बिलं वाटायची, तीसुद्धा महावितरणची फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीनं काम करणारी कंपनी होती. दर वीज आयोगानं (राज्याच्या वीज नियामक आयोगानं) ठरवलेलेच. तारांवरून दुसऱ्याची वीज घेण्याची ‘ओपन अॅक्सेस’ची सोय आहे, पण सौर विजेसाठीही ती 100 किलोवॅटपासून पुढे. तुमच्या घराचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटचा असेल.

म्हणजे त्या माणसानं तुम्हाला वीजकंपनी बदलून दिलेली नाही. तुमच्या छतावर स्वतःचा प्रकल्प बसवून त्यातली वीज तुम्हालाच विकायचा करार केला आहे. महावितरणचं कनेक्शन राहणारच, कारण त्याशिवाय नेट मीटर (घेतलेली आणि उरून परत गेलेली वीज मोजणारा मीटर) बसत नाही. स्थिर आकारही, म्हणजे वापर कितीही असला तरी लागणारी ठरलेली रक्कम, दर महिन्याला भरावा लागणार. एजंट लोक इथेच हातचलाखी करतात. सगळ्या बिलाला युनिटनं भागतात आणि ‘बघा, तुम्हाला इतक्यात पडतं’ म्हणतात. त्या बिलात स्थिर आकार असतो, आणि तो सोलर लावून जात नाही. तुलना करायची तर वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क, एवढंच धरा.

तुम्ही पाठवलेल्या कराराच्या प्रतीतलं कलम 4 पुन्हा वाचा. पैसे द्यायचे आहेत ‘प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या एकूण युनिटचे’. वापरलेल्या नव्हे, निर्माण होणाऱ्या. प्रकल्प 3 किलोवॅटचा आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, म्हणजे महिन्याला 360 युनिट आणि 1,800 रुपये. घरात लागतात 90. उरलेले युनिट नेट मीटरिंगमध्ये पुढच्या महिन्यात जातात, वर्षाअखेर शिल्लक राहिले तर महावितरण घेते, पण कमी दरानं. फरक तुमच्या खिशातून. वर करारात दरवर्षी 3 टक्के वाढ, म्हणजे आजचे 5 रुपये पंचविसाव्या वर्षी 10 रुपयांवर.

दर वाढतच जाणार, हेही त्यानं छातीठोक सांगायला नको होतं. 2025 चंच बघा. वीज आयोगानं 28 मार्चला आदेश काढला, महावितरणच्या अर्जावर तो थांबला, 25 जूनला दुसरा आदेश आला, 1 जुलैपासून नवे दर. तीन महिन्यांत इतकं हलणाऱ्या आकड्यावर 25 वर्षं बांधून घेऊ नका. करारातली वाढ मात्र पक्की आहे, ती कोणत्याही आयोगाकडे जाऊन कमी होणार नाही.

आता सुटका. करारात छत 25 वर्षांसाठी ‘भाडेपट्ट्यानं’ दिलं आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानंच होतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 107). नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे गावोगाव सांगावं लागतं. दुसरं, वडिलांचं मृत्युपत्र नसेल तर घर आईचं, भावाचं, बहिणीचं आणि तुमचं. बहीण दिल्या घरी गेली म्हणून तिचा हिस्सा संपत नाही. तुमच्या एका सहीनं बाकी तिघांचा हिस्सा बांधला जात नाही. तिसरं, थकबाकी मिटेल हे सांगणं धादांत खोटं. ती महावितरणची आहे, तिसऱ्यानं मिटवायचा प्रश्नच नाही. खोट्या सांगण्यावर घेतलेली संमती करार कायद्याच्या कलम 19 नुसार रद्द करता येते. दंडाचं म्हणाल तर कलम 74 नुसार कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. प्रकल्प अजून बसलेलाच नाही, त्यामुळे त्यांचं नुकसान किती, हे त्यांना दाखवावं लागेल.

म्हणून आठवड्याच्या आत पोच मिळेल अशा टपालानं नोटीस द्या : संमती मागे घेतो, 11 हजार परत करा, छतावर काही बसवू नका. आई, भाऊ, बहीण यांच्याही सह्या घ्या. पैसे फोनवरून दिले असतील तर तो स्क्रीनशॉट सांभाळा. माणूस साहित्य घेऊन आला तर वाद न घालता नोटिशीची प्रत हातात द्या. पैसे आले नाहीत तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. 5 लाखांपर्यंत फी नाही.

सोलरला माझा विरोध नाही. पण आधी मीटर नावावर करा : मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या नोंदीचा उतारा), बाकी वारसांचं ना-हरकत. मीटर नावावर झालं म्हणून घर नावावर होत नाही, हे भावाला आधीच सांगा, नाहीतर ना-हरकतीवरूनच भांडण. मग प्रधानमंत्री सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या व्हेंडरकडून स्वतःचा प्रकल्प घ्या. अनुदान 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 आणि त्यापुढे 78 हजार. तुमच्या वापराला 1 किलोवॅट पुरे, मे महिन्यात थोडं वर जाईल तेवढंच. आणि 90 युनिटच्या घरात पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील, त्यामुळे कर्ज काढून घाई करू नका. छत टिनाचं असेल तर ते भार सोसेल का, हेही आधी मिस्त्रीला विचारा.

7,400 च्या बिलासाठी सब-डिव्हिजनला लेखी तक्रार द्या आणि आवक शिक्का घ्या. लेखी नोटीस देऊन पूर्ण 15 दिवस गेल्याशिवाय लाइन कापता येत नाही (वीज कायदा, कलम 56). त्याच कलमानुसार मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज चालू राहते. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या आदेशावर 60 दिवसांत नागपूरचे विद्युत लोकपाल. या दोन्हींसाठी वकील लागत नाही; मीटरचं रीडिंग दिसेल असा तारखेसह फोटो मात्र आजच काढून ठेवा.