वाचकांचे प्रश्न : अर्ज डिसेंबरात, अंदाजपत्रक फेब्रुवारीत

(महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या सरकारदरबारच्या अडचणींना उत्तरं देतात. या वेळचा विषय : संस्थांच्या कार्यक्रमांना पालिकेचं अनुदान.)

प्रश्न : ताई, आमचं सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी आहे, 'ब' वर्गातलं. दर जानेवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला घेतो. यंदा डिसेंबरात नगरपरिषदेकडे एक लाख रुपये अनुदानाचा अर्ज दिला. आधी 'आचारसंहिता आहे' म्हणाले. ती संपल्यावर 'तरतूद शिल्लक नाही' असं एका ओळीचं पत्र आलं. नवे नगराध्यक्ष आमच्या ओळखीचे आहेत, त्यांनी तोंडी होकारही दिला होता. मग अडलं कुठे? अर्जाची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : अर्ज वाचला. पहिलं पान न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेवर खर्ची पडलं आहे. परंपरा थोर आहे, पण ज्या कारकुनाच्या टेबलावर हा कागद येतो त्याला त्यावर टिपणी लिहायची असते, आणि टिपणीत पहिला रकाना लेखाशीर्षाचा, म्हणजे पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या नावाखालून द्यायचा त्याचा. तो तुमच्या अर्जात कुठेच नाही.

नगराध्यक्षांचा होकार खराही असेल. पण पालिकेतला पैसा माणसांकडे नसतो, लेखाशीर्षाकडे असतो. अंदाजपत्रकात ज्या नावाखाली जेवढी रक्कम धरली, तेवढीच त्या नावाखाली खर्च होते. सभागृहाने ठराव केला आणि लेखापालाने 'तरतूद नाही' असा शेरा मारला, तर तो ठराव कागदावरच राहतो.

तेव्हा आधी तुमच्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाचं पुस्तक मिळवा. बऱ्याच ठिकाणी ते संकेतस्थळावर असतं. नसेल तर माहिती अधिकारात मागा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. पुस्तकातली जमेची बाजू सोडा, खर्चाची बाजू वाचा. 'सांस्कृतिक कार्यक्रम', 'वाचनालयांना अनुदान', 'महिला व बालकल्याण', 'दिव्यांग कल्याण' अशी शीर्षं दिसतील. प्रत्येकापुढे गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद असे रकाने असतात. यातला 'प्रत्यक्ष खर्च' हा रकाना सगळ्यात बोलका. तरतूद पाच लाखांची आणि खर्च शून्य असेल, तर पैसे पडून आहेत, मागणारा नाही. तरतूद हजार रुपयांची दिसली तर ते शीर्ष फक्त जिवंत ठेवलंय असं समजा. त्याला आम्ही टोकन तरतूद म्हणायचो. तीही उपयोगाची असते, कारण नवं शीर्ष उघडण्यापेक्षा असलेल्या शीर्षात रक्कम वाढवून घेणं पुष्कळ सोपं.

कायद्याचा आधारही एका ओळीत द्या. नगरपरिषदांना 1965 चा अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 49 मध्ये बंधनकारक आणि ऐच्छिक, अशी दोन्ही कर्तव्यं दिली आहेत. महापालिकांसाठी 1949 चा अधिनियम आहे (मुंबईचा कायदा वेगळा, 1888 चा) आणि त्यात ऐच्छिक कामं कलम 66 मध्ये येतात. वाचनालयं, लोकशिक्षण हे सगळं ऐच्छिक बाजूला. म्हणजे अनुदान हा तुमचा हक्क नाही, ते द्यायचं की नाही हे पालिका ठरवते. म्हणून अर्जात 'मिळालेच पाहिजे' असा सूर नको. तुमच्या अर्जात तो दोन ठिकाणी आहे.

आता वेळ. नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये झाल्या, त्यामुळे आचारसंहितेचं कारण खरंच होतं. पण ती नसती तरी डिसेंबर हा महिना चुकीचाच. आर्थिक वर्षाचे आठ-नऊ महिने तोवर सरलेले असतात आणि सांस्कृतिक शीर्षाखालचे पैसे गणपती-नवरात्रात गेलेले असतात. दिवाळीच्या आगेमागे पालिकेतली खाती पुढच्या वर्षाच्या मागण्या लेखा विभागाला पाठवू लागतात, जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रकाचा मसुदा मांडला जातो आणि 1 एप्रिलपासून नवं वर्ष. म्हणून तुम्हाला दोन पत्रं लागतील. पहिलं ऑक्टोबरात : 'पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात अमुक शीर्षाखाली तरतूद करावी'. दुसरं अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये : 'त्या तरतुदीतून आमच्या व्याख्यानमालेस अनुदान द्यावे'. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. साहेबांच्या हातात प्रत्यक्ष दिलेला अर्ज आवकला नोंदलेला नसेल तर तो दिलाच नाही असं धरा.

खर्चाच्या अंदाजाबद्दल थोडं कडक बोलते. तुमच्या एक लाखात 'वक्ते 45,000, मंडप 15,000, किरकोळ 40,000' असं आहे. किरकोळ चाळीस हजार! हा आकडा पाहून कोणताही लेखापाल पेन खाली ठेवेल. वक्ता कुठून येणार, प्रवास रेल्वेने की गाडीने, राहण्याची सोय कोणाकडे, मानधन किती, हे प्रत्येक व्याख्यानाचं वेगळं लिहा. मंडप आणि ध्वनिक्षेपकाची दरपत्रकं जोडा, तीन असतील तर उत्तम. मंडपवाला नोंदणीकृत असेल तर त्याच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, तोही अंदाजात धरा, नाहीतर बिल आल्यावर तेवढी रक्कम संस्थेच्या अंगावर येते. आणि सगळा खर्च पालिकेवर टाकू नका. एकूण दीड लाख, त्यातले साठ हजार सभासद आणि देणगीदारांकडून, मागणी नव्वद हजारांची, असं दिसलं तर टिपणी लिहिणाऱ्यालाही शिफारस करायला बरं पडतं. मात्र ग्रंथालय संचालनालयाकडून मिळणारं परिरक्षण अनुदान या बाजूला दाखवू नका. ते 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालय चालवण्यासाठी असतं. व्याख्यानमालेला वळवलंत तर तपासणीत अडकाल.

आणखी एक. रोख पैशांऐवजी व्याख्यानांसाठी पालिकेचा हॉल मागून पाहिलात का? भाडं माफ करायलाही ठराव लागतोच, पण तिजोरीतून काही जात नाही म्हणून फाइल भराभर सरकते. पाण्याचा टँकर, फिरतं शौचालय, चौकातले फलक, पालिकेच्या शाळांतल्या मुलांना व्याख्यानाला पाठवणं, हे सगळं मागता येतं. हॉलचं पाच दिवसांचं भाडं मोजून बघा, तुमच्या लाखातला मोठा तुकडा तिथेच सुटेल.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला महापालिकेने आरोग्य शिबिरासाठी अनुदान मंजूर केलं. शिबिर झालं, बिलं दिली. आता लेखा विभाग म्हणतो संस्थेचं नाव जुळत नाही. हा छळ नाही का?

उत्तर : छळ वाटणं साहजिक आहे, पण तुम्ही पाठवलेल्या तीन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून बघा. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर 'ज्येष्ठ', बँकेच्या पासबुकावर 'जेष्ठ', आणि पॅन कार्डावर इंग्रजीत तिसरंच काहीतरी, शिवाय 'संघ'च्या जागी 'मंडळ'. मंजुरीच्या ठरावात पहिलं नाव आहे, पैसे दुसऱ्या नावाच्या खात्यात मागितले आहेत. लेखापरीक्षणात हा आक्षेप नक्की निघतो आणि तो निघाला की ज्याने देयकावर सही केली त्याच्या पेन्शनपर्यंत जातो. तो सही करणार नाही, मीही केली नसती.

मार्ग असा : प्रमाणपत्रावरचं नाव हेच खरं धरा. कार्यकारी मंडळाचा ठराव आणि प्रमाणपत्राची प्रत देऊन बँकेतलं नाव आधी दुरुस्त करा, ते लवकर होतं. पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी टाका. दरम्यान लेखा विभागाला पत्र द्या की ही एकच संस्था आहे, सोबत नाव दुरुस्तीच्या अर्जांच्या पोचपावत्या. 31 मार्च जवळ आला असेल तर अजिबात थांबू नका. त्या दिवशी अखर्चित तरतूद व्यपगत होते, म्हणजे संपते, आणि मग तुमचं देयक पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून भागवण्यासाठी पुन्हा मान्यता घ्यावी लागेल.

तुमच्या अध्यक्षांचं नावही परिशिष्ट 1 वर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीचा उतारा) दिसत नाही, तिथे अजून आधीचे अध्यक्ष आहेत. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. केला असेल तर त्याची पोच जोडा. नसेल केला तर आधी वकील गाठा, मुदत टळल्याचं कारण द्यावं लागेल.

प्रश्न : 2025 मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं. मग आमच्या मंडळाला पालिका मंडपासाठी पैसे देईल का?

उत्तर : त्या घोषणेने पालिकेच्या अंदाजपत्रकात आपोआप शीर्ष उघडत नाही. मंडपासाठी पालिकेकडून मिळते ती परवानगी, आणि खड्डे बुजवण्याची सूचना. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्यासाठीसुद्धा धर्मादाय कार्यालयाची कलम 41 क खालची परवानगी लागते, ती बहुतेक मंडळं घेतात, काही विसरतात.

पण मंडळ नोंदलेलं असेल आणि वर्षभर अभ्यासिका, रक्तदान, मुलींना स्वसंरक्षणाचं शिक्षण असं काही करत असेल, तर त्या कामासाठी जरूर मागा. पालिकांनी महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के निधी राखायचा असतो, दिव्यांगांसाठीही 5 टक्के (पूर्वी तो 3 टक्के होता), आणि माझ्या अनुभवात हेच पैसे मार्चमध्ये सर्वांत जास्त परत जातात. योजना आखून आणणारी संस्था दाराशी नसते. अर्जात गणपतीचा फोटो नको, प्रशिक्षणाचं वेळापत्रक हवं.

प्रश्न : अनुदान 'खर्च केल्यावर' मिळणार असं पत्र आहे. पण आधी पैसे आणायचे कुठून? आणि हिशोब कसा द्यायचा?

उत्तर : बहुतेक पालिका असंच देतात, क्वचित काही हिस्सा आगाऊ. म्हणून कार्यक्रमाचा आकार हाताशी असलेल्या रोकडीवर ठरवा. येणाऱ्या अनुदानाच्या भरवशावर मंडपवाल्याला शब्द देऊ नका, तो दिवाळीला दारात येऊन बसतो.

हिशोबाबद्दल दोनच गोष्टी सांगते. एक, एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. आयकरात तो खर्च संस्थेचा धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही. वक्त्याचं मानधन थेट खात्यात जाऊ द्या. रोख दिलंत आणि रक्कम 5,000 वर असेल, तर पावतीवर 1 रुपयाचं रसीदी तिकीट लावून त्यावर सही घ्या. तिकीट नसलेली पावती परत आली की आधीच घरी पोचलेल्या वक्त्याला गाठत बसायला लागतं. दोन, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्च झाले असा दाखला) सनदी लेखापालाच्या सहीने द्या आणि त्यात मंजुरीच्या पत्राचा क्रमांक-दिनांक लिहा. रक्कम उरली असेल तर ती परत करा, आणि परत केल्याचं चलन जोडा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला त्या चलनाइतकी चांगली शिफारस दुसरी नाही.

प्रश्न : नाव छापू नये. आमची फाइल पुढे सरकवण्यासाठी एकाने 'दहा टक्के' मागितले आहेत. संस्थेच्या भल्यासाठी द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. ते दहा टक्के तुम्ही हिशोबात कुठे दाखवणार? 'किरकोळ'मध्येच ना, आणि तिथेच तुमचं ऑडिट अडेल, सही तुमच्या खजिनदाराची असेल. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. तक्रार पैसे देण्याआधी करायची असते, मागणी कधी, कुठे, कोणत्या शब्दांत झाली हे लिहून ठेवा. ते जमत नसेल तर निदान फाइलचा प्रवास माहिती अधिकारात मागा : कोणत्या टेबलावर कधी आली, कधी गेली, कोणता शेरा. नगरसेवकाची ओळख लावायची असेल तर एवढं पाहा की तो स्वतः तुमच्या संस्थेचा पदाधिकारी नसावा. असेल तर अर्जावर त्याची सही नको आणि स्थायी समितीत तुमचा विषय आला की त्याने बाहेर थांबावं. महापालिका निवडणुका जानेवारी 2026 मध्ये झाल्या. बहुतेक शहरांत त्याआधी काही वर्षं निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेले प्रशासकच ठराव करत होते, आता समित्या पुन्हा बसू लागल्या आहेत आणि त्यांच्या बैठकांची विषयपत्रिका आधी निघते. तुमचा विषय त्यात कोणत्या क्रमांकावर आहे ते नगरसचिव कार्यालयात विचारता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.